आधी लघवी, मग अँटिबायोटिक

नऊ महिन्यांची मुलगी, ताप दोन दिवसांचा, एकशे दोन-एकशे तीनच्या घरात. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. घसा, कान, छाती सगळं ठीक. अशा बाळाची लघवी तपासा म्हटलं की समोरून येणारी उत्तरं ठरलेली असतात. वायरल असेल, उतरेल दोन दिवसांत. दात येतायत. एवढ्याशा जिवाची लघवी धरायची कशी, आणि नळी घालायची म्हणजे केवढे हाल! त्यापेक्षा एखादं सिरप लिहून द्या, जंतू असलाच तर मरेल. ही उत्तरं घरातून येतात तशी दुर्दैवाने दवाखान्याच्या टेबलापलीकडूनही येतात. अलीकडे त्यांना एका नव्या युक्तिवादाची जोड मिळाली आहे: गरज नसलेल्या तपासण्यांनी पालकांना लुटलं जातं, आणि तापातली लघवीची तपासणी ही त्यातलीच एक.

तपासण्यांच्या सुळसुळाटाबद्दलचा राग मला पूर्ण मान्य आहे. चार दिवसांच्या साध्या सर्दी-तापाला सीबीसी, सीआरपी, डेंग्यू, विडाल अशी यादी हातात पडते तेव्हा आईबापांनी चिडायलाच हवं. पण ती यादी जरा नीट वाचून पाहा. तिच्यात पुष्कळदा लघवी नसते. दीड वर्षाच्या मुलाच्या दंडातून रक्त काढलं जातं आणि लघवीची साधी पट्टी बुडवली जात नाही. ज्या तपासणीला सुई लागत नाही आणि जिचं उत्तर त्या मुलाच्या उपचाराची दिशा बदलू शकतं, नेमकी तीच गाळली जाते. म्हणून या विषयावर मला भांडायचं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त ताप असेल आणि तपासून कारण सापडत नसेल, तर लघवी तपासलीच पाहिजे. आणि अँटिबायोटिकचा पहिला चमचा नीट घेतलेल्या नमुन्यानंतरच तोंडात गेला पाहिजे.

‘बहुतेक ताप वायरल असतो’ हे वाक्य खरं आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दोन वर्षांखालच्या तापाच्या बाळांपैकी सुमारे ७ टक्के बाळांना मूत्रमार्गाचा संसर्ग आढळला होता. तीन महिन्यांखालच्या, सुंता न झालेल्या तापाच्या मुलग्यांमध्ये तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलग्यांची सुंता झालेली नसते, आणि ‘लघवीचं इन्फेक्शन म्हणजे मुलींचा आजार’ असं मानून आपण त्यांना सोडून देतो. शंभरातल्या त्र्याण्णव बाळांबद्दल ‘वायरल असेल’ हा अंदाज चुकीचा ठरणार नाही. उरलेली सात कोणती, हे चेहरा बघून ओळखता येत नाही. चार वर्षांचं मूल सांगतं की शू करताना जळतंय, आणि मग आजी उन्हाळी लागली म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी देते. सहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते किरकिर करतं, अंगावर नीट पीत नाही, एखादी उलटी करतं, किंवा यातलं काहीच न करता फक्त तापतं. लघवीला वास येतो की नाही यावरूनही काही ठरत नाही. वास नसलेल्या लघवीत जंतू असतात आणि उग्र वासाच्या लघवीत नसतात.

दातांचं कारण तर मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते कधीही लागू पडतं. साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच वर्षांपर्यंत कुठला ना कुठला दात हिरडीतून वर येतच असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग लपून राहण्याचा काळही तोच. दात येताना अंग किंचित कोमट होऊ शकतं, लाळ गळते, बाळ चावरं होतं. पण एकशे दोन ताप दातांमुळे येत नाही, हे यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २०१६ साली पुन्हा एकदा मांडलं गेलं आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हिब आणि न्यूमोकोकल या लसी सरकारी लसीकरणात आल्या, आणि रक्तात लपून बसणारे, मेंदूज्वर घडवणारे जे जंतू तापाच्या बाळात डॉक्टरांची झोप उडवत, ते मागे हटले. २०२१ पासून न्यूमोकोकल लस देशभर मोफत मिळते. लसी पूर्ण झालेल्या, वरवर बऱ्या दिसणाऱ्या बाळाच्या तापामागे आता गंभीर जीवाणू दडलेला असेल, तर तो सापडण्याची सर्वांत मोठी शक्यता लघवीत आहे. ज्या डॉक्टरला अशा बाळात एकच तपासणी करायची मुभा आहे, त्याने ती कुठली करावी यावर वाद व्हायचं कारणच उरलेलं नाही.

आता त्या सिरपकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे होतं.

‘देऊन बघू’ या पद्धतीत काय होतं ते पाहा. दुसऱ्या दिवशी सेफिक्सिम सुरू होतं, किंवा तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन. अझिथ्रोमायसिनचा लघवीतल्या जंतूंवर उपचार म्हणून उपयोग नाही. ते देऊन तीन दिवस फुकट जातात. सेफिक्सिमने ताप कदाचित उतरतो, पण तो औषधाने उतरला की वायरल होता म्हणून आपोआप उतरला, हे कुणालाच कळत नाही. तीन दिवसांनी बाटली संपते किंवा बरं वाटतंय म्हणून बंद होते. आठवड्याने पुन्हा ताप. आता कुणीतरी लघवी तपासायला सांगतं आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच वाढत नाही, कारण अँटिबायोटिकच्या एक-दोन डोसांतच लघवीतले जंतू कल्चरला सापडेनासे होऊ शकतात. घटनास्थळ धुऊन काढायचं आणि मग पंचनाम्याला बसायचं, असा हा प्रकार आहे. संसर्ग होता का? होता तर कुठल्या जंतूचा? मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आता मिळत नाही, आणि ते नंतर कुठल्याही महागड्या तपासणीने मिळवता येत नाही.

बरं, जंतू ‘असलाच तर मरेल’ ही खात्री तरी कुठून येते? बाळांच्या मूत्रमार्गाच्या संसर्गात दहापैकी आठ-नऊ वेळा इ. कोलाय असतो. आपल्याकडच्या इ. कोलायमध्ये सेफिक्सिमच्या जातीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचं प्रमाण फार मोठं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल हे वर्षानुवर्षं सांगतायत. सेफिक्सिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विकल्यावर केमिस्टने वेगळ्या वहीत नोंद करायची असते. मागच्या वेळची बाटली दाखवून ‘हेच द्या’ म्हणणाऱ्याला ते कसं मिळतं, हे आपण सगळे जाणतो. अशा परिस्थितीत कुठलं औषध चालेल हे सांगणारा एकच कागद असतो, तो म्हणजे कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा. तो हातात असेल तर तिसऱ्या दिवशीही ताप न उतरलेल्या बाळाचं औषध विचारपूर्वक बदलता येतं. नसेल तर अंदाजाने आणखी वरचं इंजेक्शन, आणि ते चाललं नाही की त्याहून वरचं.

उशिराची किंमतही मोजलेली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्या मुलांच्या मूत्रपिंडावर नंतर व्रण राहिला त्यांना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी मध्यकानुसार ७२ तास ताप होता. व्रण न राहिलेल्यांना ४८ तास. फरक एका दिवसाचा. ‘तीन दिवस वाट बघू’ या सल्ल्यातला तिसरा दिवस तो हाच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २००७ सालीच सांगून ठेवलं होतं की कारण न सापडणाऱ्या ३८ अंशांवरच्या तापात लघवी जास्तीत जास्त २४ तासांत तपासा.

इथवर पटलेले काही जण पुढच्या पायरीवर घसरतात. ते लघवी तपासतात, पण पिशवी चिकटवून. बाळाच्या जांघेत प्लास्टिकची पिशवी लावायची, तासाभराने त्यात साठलेलं बाटलीत ओतायचं आणि लॅबला द्यायचं. पिशवीतली लघवी त्वचेवरून, शीच्या कणांवरून, मुलाच्या शिश्नाच्या पुढच्या कातडीवरून किंवा मुलीच्या योनिमार्गाच्या तोंडावरून फिरून आलेली असते. तिच्यात जंतू वाढले नाहीत तरच नवल. याचा हिशेब अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने आपल्या मार्गदर्शिकेत मांडला आहे आणि तो कुणालाही पाटीवर करता येईल. शंभर बाळांपैकी पाचांना खरा संसर्ग आहे असं धरा. पिशवीच्या कल्चरमध्ये निरोगी बाळांपैकी तीस टक्के बाळं खोटी पॉझिटिव्ह येतात, म्हणजे पंचाण्णवातली अठ्ठावीस-एकोणतीस. खरी पाच आणि खोटी अठ्ठावीस अशा तेहतीस रिपोर्टांपैकी खरे पाचच, म्हणजे पंधरा टक्के. उरलेल्या अठ्ठावीस बाळांच्या फाइलवर ‘यूटीआय’ असा शिक्का बसतो. त्यातल्या काहींना दहा दिवसांचं अँटिबायोटिक मिळतं, काहींना मूत्राशयात नळीने औषध भरून एक्स-रे काढण्याची एमसीयू तपासणी करावी लागते, आणि आईला सांगितलं जातं की हिला वारंवार इन्फेक्शन होतं.

नुसत्या ‘पस सेल्स ६-८’ या ओळीवर उपचार करणं हीसुद्धा तीच चूक. इतर कुठल्याही तापात, डायपरने त्वचा सोलली असताना, लघवीत पस सेल्स दिसू शकतात. उलट पट्टीवर नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही असंही म्हणता येत नाही. जंतूंकडून नायट्राइट तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास थांबावी लागते, आणि बाळ तर तासातासाला शू करतं. संसर्ग असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ती पट्टी नायट्राइट दाखवत नाही. तिने नायट्राइट दाखवलं तर मात्र तिचं म्हणणं गंभीरपणे घ्यावं.

म्हणजे तपासणीच न करणारे आणि पिशवीवर भरवसा ठेवणारे हे वरवर एकमेकांचे विरोधक दिसले, तरी दोघांची चूक एकच आहे. दोघांकडेही विश्वासाचा नमुना नसतो. अनावश्यक तपासण्यांविरुद्ध बोलणाऱ्यांनी याचा विचार करावा. एक नमुना नीट घेतला असता तर पुढच्या चार तपासण्या वाचल्या असत्या.

‘पण नीट नमुना मिळतच नाही’ हा आक्षेप मी अनेक जाणत्या डॉक्टरांकडून ऐकला आहे, आणि तो मला मान्य नाही. बाळाला पाजून वीस-पंचवीस मिनिटं झालेली असावीत. खालची जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करायची. एकाने बाळाला काखेत धरून पाय लोंबते ठेवून उभं धरायचं. दुसऱ्याने बेंबीखाली, ओटीपोटावर, दोन बोटांनी अर्धा मिनिट हलकेच आणि भराभर टिचक्या मारायच्या, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना कमरेपाशी अर्धा मिनिट अंगठ्यांनी गोल चोळायचं, आणि हे आलटून पालटून चालू ठेवायचं. तिसरा माणूस निर्जंतुक बाटलीचं झाकण काढून तयार. पहिली धार सोडायची, पुढची धरायची, बाटलीच्या कडेला त्वचा लागू द्यायची नाही. माद्रिदमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली ८० नवजात बाळांवर हे करून पाहिलं. ८६ टक्के बाळांनी पाच मिनिटांच्या आत लघवी केली, बहुतेकांनी मिनिटभरात. थोड्या मोठ्या बाळांसाठी मेलबर्नच्या डॉक्टरांनी त्याहून सोपी रीत तपासली: थंड पाण्यात भिजवलेल्या गॉजने ओटीपोटावर गोल गोल फिरवायचं. पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी शू केली, काहीच न करता थांबलेल्यांपैकी १२ टक्क्यांनी. मोठं यश नाही, पण त्याला खर्च शून्य आहे. आपल्या घरांतल्या बायका बाळाला दोन पायांवर धरून तोंडाने शूऽऽ करत लघवी करवत आल्या आहेत. हे कौशल्य तिथे आहेच, त्याला स्वच्छ बाटलीची आणि धुतलेल्या हातांची जोड द्यायची आहे.

मिळालेली बाटली खिडकीत ठेवून डबा पोचवायला जायचं नाही. बाहेरच्या उष्णतेत तिच्यातले दोन-चार जंतू तासाभरात पुष्कळ होतात. तासाच्या आत लॅबला पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये, आणि तालुक्याहून जिल्ह्याला जायची असेल तर बर्फाच्या डब्यातून.

बाळ अत्यवस्थ असेल, तातडीने अँटिबायोटिक द्यायचंच असेल, तर कॅथेटरने लघवी घ्यावी. त्याची भीती अवास्तव वाढवली गेली आहे. बारीक मऊ नळी, सरावलेली नर्स, एक-दोन मिनिटं. बाळ रडतं, तसं ते लसीलाही रडतं. आणि प्रत्येक तापाच्या बाळाला नळी घाला असं कुणी म्हणतही नाही. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने आधी पिशवीतल्या लघवीवर नुसती पट्टी करून, ती निगेटिव्ह आली तर तिथेच थांबायचं आणि पॉझिटिव्ह आली तरच नळीने नमुना घ्यायचा, असा दोन पायऱ्यांचा क्रम लावला. नळी घालण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून तिशीच्या खाली आलं. पिशवीचा योग्य उपयोग आहे तो एवढाच: संसर्ग नाही हे सांगायला. आहे हे सांगायला तिची साक्ष चालत नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ मात्र यातल्या कुठल्याही घरगुती हिशेबात बसत नाही. त्याला ताप आला की रात्र असो वा पहाट, रुग्णालयच गाठायचं.

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा फिनलंडमधून येतो. औलू विद्यापीठ रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ साली दाखवलं की दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराला, मूत्रपिंडांची रचना जन्मतः ठीक असलेल्या मुलांमध्ये, बालपणीचा वारंवार होणारा मूत्रसंसर्ग फार तर ०.३ टक्के जबाबदार असतो. मग एवढा आटापिटा कशासाठी? हा आकडा मी टाळत नाही. पूर्वी ‘लघवीचं इन्फेक्शन म्हणजे किडनी जाणार’ अशी भीती घातली जायची, ती या आकड्याने उघडी पाडली, हे चांगलंच झालं. पहिल्या संसर्गानंतर सुमारे १५ टक्के मुलांमध्ये व्रण दिसतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात त्याचा त्रास होत नाही, हेही खरं. पण औलूची ती मुलं तापात लघवी न तपासता सोडलेली नव्हती. जिथे संसर्ग वेळेवर सापडतो आणि उपचार होतात तिथला हा निष्कर्ष आहे. जिथे तिसऱ्या बाटलीनंतरही कुणी लघवी पाहत नाही, तिथे तो दिलासा म्हणून वापरणं चूक आहे. शिवाय प्रश्न फक्त साठाव्या वर्षीच्या डायलिसिसचा नाही. आठ दिवस तापाने पोळणारं, वजन घटलेलं, कधी जंतू रक्तात गेल्याने आयसीयूत पोचलेलं बाळ आज समोर आहे. आणि ज्या थोड्या मुलांच्या मूत्रमार्गात जन्मतः अडथळा आहे, त्यांचा पहिला इशारा पुष्कळदा हाच ताप असतो.

प्रतिबंधासाठी महिनोन्‌महिने रोज अँटिबायोटिक देण्याविषयीचा आक्षेप मात्र मी बऱ्याच अंशी मान्य करतो. मूत्र उलट वर चढण्याचा दोष असलेल्या ६०७ मुलांवरच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोजच्या औषधाने पुन्हा होणारे संसर्ग निम्म्याने कमी झाले, व्रण मात्र कमी झाले नाहीत. ते कुणाला द्यायचं हे बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी ठरवावं. पण तेही ठरणार आहे पहिला संसर्ग खरा होता का, यावरच.

राहिला गर्दीचा आणि पैशाचा प्रश्न. साठ पेशंटच्या ओपीडीत टिचक्या मारत बसायला डॉक्टरला वेळ नाही, हे कबूल. त्याची गरजही नाही; हे काम नर्स किंवा आई करू शकते, डॉक्टरने फक्त बाटली हातात द्यायची आणि नमुना मिळेपर्यंत अँटिबायोटिक लिहायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची लघवी अल्ब्युमिन आणि साखरेसाठी पट्टी बुडवून तपासली जाते. तिथल्याच कपाटात पांढऱ्या पेशी आणि नायट्राइट दाखवणारी पट्टी ठेवायला काही रुपयांपलीकडे काय लागतं? ही पट्टी आणि निर्जंतुक बाटली औषधांच्या यादीत यावी, आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नमुना थंड पोचवायची सोय व्हावी, ही मागणी पालकांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून करायला हवी.

आणि कल्चर निगेटिव्ह आलं, तर मध्ये सुरू केलेलं अँटिबायोटिक थांबवायचं. पॉझिटिव्ह आलं, तर डॉक्टरने ठरवलेले सगळे दिवस द्यायचं, सोनोग्राफी करायची, आणि तो रिपोर्ट बाळाच्या लसीकरणाच्या कार्डात घालून ठेवायचा. अशा मुलाला पुढच्या वेळी ताप आला की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ते कार्ड घेऊन दवाखान्यात जायचं आणि कुणी विचारायच्या आधी सांगायचं, की हिला मागे लघवीचा संसर्ग झाला होता, सिरप लिहिण्याआधी बाटली द्या.